आधी टेप काढा, मग ब्रश

कपाशीचं बोंड रंगवलेली भिंत खानदेशात कुठेही खपून जाते. ती पहूर गावचीच, हे कशावरून ओळखायचं? जुनी वास्तू आणि गावचा धंदा यांवरून चौफुलीसाठी शिल्प घडवायचं, तर आधी त्यांची मापं घ्यावीत, असं माझं मत.

पहूरचं पहिलं माप ७६२ मिलिमीटर. पाचोरा-जामनेर नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं हे अंतर. शंभरेक वर्षं धावलेली ही ‘पीजे’ मार्च २०२० मध्ये थांबली. तिच्या पहूर स्टेशनावर टेप लावा: दाराची उंची, छपराचा उतार, नावाच्या फलकावरच्या अक्षरांची जाडी. शिल्पाच्या रेषा यातूनच निघतात.

मग एखाद्या जिनिंगमध्ये तासभर उभं राहा. डबल रोलर यंत्रावरची चामडी चकती तंतू ओढून घेते, पातं सरकीला अडवतं; सरकी जाळीतून खाली, रुई पुढे. प्रेसमध्ये तिची साधारण १७० किलोची गाठ होते, पट्ट्यांनी करकचून आवळलेली. त्या पट्ट्यांमधून रुई कशी फुगून वर येते, ते नीट बघा. शिल्पाला उठाव तिथूनच मिळणार.

आता जुळवणी. ७६२ मिलिमीटरवर दोन रूळ, त्यांवर सिमेंटच्या गाठी, बसण्याजोग्या. पोरं चढणारच, तेव्हा कोपरे गोल ठेवा, पट्ट्या खाचेत बसवा. खरी रुई लावायचा मोह टाळा. पहिल्या पावसात लगदा होईल. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांना भिडतो, म्हणून जागा निंबाखालची धरा. पाया भरण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि जागा रस्त्याच्या हद्दीत येत नाही ना, ते तपासा.

माणसं मात्र विसरू नका. मुंबईचा ससून डॉक १८७५ चा, कापसाच्या व्यापाराशी जोडलेला. २०१७ साली तिथं कलाप्रकल्प झाला, तेव्हा भिंतींवर आज तिथं राबणाऱ्या कोळी समाजाचे चेहरे झळकले. पहूरच्या गाठींवरही वेचणीच्या बाया आणि हमाल यांना जागा हवी, तीही त्यांना विचारून.

ब्रॉडगेजचं काम मंजूर झालं आहे. जुना रूळ भंगाराच्या लिलावात जाण्याआधी एका तुकड्यासाठी रेल्वेकडे अर्ज करून ठेवा.