बाष्पनशील तेले, संक्षारणरोधक
वनस्पतींची पाने, फुले, साल इत्यादींपासून ऊर्ध्वपातनाने काढलेली सुगंधी तेले अल्प प्रमाणात मिसळली असता अम्लातील पोलादाचे संक्षारण (रासायनिक विक्रियेने होणारी धातूची झीज) मंदावते. अम्लाशी पोलादाचा संबंध उद्योगांत टाळता येत नाही. लाटलेल्या पोलादावरील काळा ऑक्साइडी थर हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्यूरिक अम्लात बुडवून काढतात. बॉयलरच्या नळ्यांतील क्षारांचे कवचही अम्लानेच धुतात. थर निघताच अम्ल खालच्या धातूवर विक्रिया करू लागते. लोखंड आयनरूपाने विरघळते, हायड्रोजन मुक्त होतो आणि त्याचा काही अंश धातूत शिरून तिला ठिसूळ करतो. म्हणून अम्लात निरोधक घालावा लागतो.

यांपैकी अनेक निरोधक पूर्वीपासून विषारी आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९३२ साली तेलविहिरीत हायड्रोक्लोरिक अम्ल सोडताना पोलादी नळ्यांच्या रक्षणासाठी आर्सेनिकाचे संयुग वापरले होते. नंतर प्रचारात आलेले प्रोपार्जिल अल्कोहॉलही विषारीच आहे. बाष्पनशील तेलांकडे लक्ष वळले ते यामुळे.

या तेलांच्या अनेक घटकांत ऑक्सिजनाचे अणू, द्विबंध किंवा बेंझीन वलय असते. लवंगेच्या तेलातील यूजेनॉलामध्ये तर ही तिन्ही आहेत. त्यांतील इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने रेणू लोखंडाच्या पृष्ठभागास चिकटतात व अम्लास तेवढी जागा बंद होते. रेणू सतत चिकटत व सुटत असल्याने हे आवरण रंगाच्या थरासारखे अखंड नसते. तेलाचे प्रमाण वाढवीत गेल्यास संरक्षण वाढते, परंतु पृष्ठभाग बव्हंशी व्यापला गेल्यावर ही वाढ मंदावते.

पुदिन्याच्या प्रजातीतील पेनिरॉयल (मेंथा प्युलेजियम) या वनस्पतीच्या तेलावर मोरोक्कोतील संशोधकांनी २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लात लिटरमागे २.७६ ग्रॅ. तेल असता निरोधनक्षमता ८०% आढळली. म्हणजे धातूची झीज मूळच्या एक पंचमांश राहिली. हा आकडा जपूनच वाचावा लागतो. ९५% क्षमतेच्या निरोधकात झीज ५% उरते, येथे २०% उरते, म्हणजे चौपट.

तेले पाण्यात फारच थोडी विरघळतात, त्यामुळे ती अम्लात समप्रमाणात पसरविण्यासाठी दुसरे साहाय्यक द्रव्य लागते. जमीन, ऋतू व ऊर्ध्वपातनाची रीत यांनुसार त्यांचे संघटन बदलते; एका खेपेचा अनुभव दुसऱ्या खेपेस लागू पडेलच असे नाही. शिवाय वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीतही टिकत नाही. पेनिरॉयल तेलातील प्युलेगोन हा प्रमुख घटक यकृतास घातक आहे आणि यूजेनॉलामुळे काहींच्या त्वचेस अधिहर्षता (ॲलर्जी) उद्भवते. प्रत्येक तेलाची विषाक्तता व जैव विघटन स्वतंत्रपणे तपासणे त्यामुळे आवश्यक ठरते.

तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यात पाण्यात विरघळणारी टॅनिने व इतर फिनॉलिक संयुगे असू शकतात. ती अम्लात सहज मिसळतात आणि महागडे तेलही खर्ची पडत नाही. मोठ्या प्रमाणावरील वापरासाठी हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.