दिवा मालवून ऐकायचे नाटक

वाचकहो, भयाचे आणि रहस्याचे नभोनाट्य आता ऐकतो कोण, असे आपण विचाराल. पडद्यावर रक्त दिसते, भूत दिसते. मग नुसत्या आवाजाला कोण भिणार? याचे उत्तर मला माझ्या आजीने पन्नास वर्षांपूर्वी दिले होते. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. शाहपुरात माझी शाळा हिंदी होती, घर मराठी. मराठी पुस्तके हाती पडत ती मोजकीच. भाषा कानावर पडे ती घरातून, बाजारातून आणि रेडिओवरून. आमच्या जैन घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत, त्यामुळे रात्र मोठी असे. जळगाव केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. त्याआधी आमच्याकडे लांबची मराठी केंद्रे लागत ती रात्रीच. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी त्याहून उंच थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. पण त्यांच्या वाटा सारख्या बदलतात, म्हणून आवाज कधी कानाशी येतो, कधी दूर जातो. भुताच्या गोष्टीला याहून चांगले पार्श्वसंगीत कुठले?

आजीला मोतीबिंदूमुळे जवळजवळ दिसत नसे. नाटक लागले की आम्ही मुले दिवा मालवायचो. ती म्हणायची, "तुम्हाला दिवा मालवावा लागतो, मला नाही." एका रात्री रहस्यनाट्य लागले होते. नाव आता आठवत नाही. वाड्यात पाहुणा उतरतो, मध्यरात्री खून होतो. ऐन शेवटाला आवाज दूर गेला तो परत आलाच नाही. काका म्हणाले, खून दिवाणजीने केला. आजी म्हणाली, "नाही रे, पाहुण्याने. येताना त्याची एक चप्पल घासत होती. खुनानंतर जिन्यावर तीच घासली." तो आवाज आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता, ध्यानात ठेवला तो एकट्या तिने. त्या रात्री जिन्याकडे जायची आमची छाती झाली नाही.

यातच या कलेचे सारे मर्म आहे. पडदा जिना दाखवतो तेव्हा तो दिग्दर्शकाचा जिना असतो. रेडिओवर जिना ऐकू येतो तेव्हा तो आपल्याच घरातला होतो. आपल्याकडे हे रेडिओच्याही आधीपासून आहे. असीरगडावर अश्वत्थामा येऊन महादेवाला फूल वाहून जातो, ही कथा आपण सर्वांनी ऐकूनच मिळवली आहे. पाहिलेला कोणी भेटत नाही, तरी गडाखालून रात्री जाताना पाऊल आपोआप उचलते.

विलायतेतल्या लेखकांनी हे फार लवकर ओळखले. खास रेडिओसाठी लिहिलेले पहिले नाटक रिचर्ड ह्यूजचे 'डेंजर'. बीबीसीने ते १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केले. त्यात कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि माणसे अंधारात अडकतात. पात्रांनाही दिसत नाही, श्रोत्यालाही नाही. दोघे एकाच खाणीत. १९४३ मध्ये अमेरिकेच्या 'सस्पेन्स' मालिकेत ल्यूसिल फ्लेचर यांचे 'सॉरी, राँग नंबर' आले. अंथरुणाला खिळलेली बाई टेलिफोनवर चुकून खुनाचा कट ऐकते. तिच्याजवळ फक्त कान आहेत, आणि आपल्याजवळही. ऑर्सन वेल्सच्या ३० ऑक्टोबर १९३८ च्या मंगळवासीयांच्या स्वारीत अंगावर काटा येतो तो स्फोटाने नव्हे, तर बातमीदाराचा आवाज मध्येच तुटून जी शांतता पसरते तिने.

आपल्या बाजूला विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तिच्या 'हवामहल'मधल्या छोट्या नाटिका आणि पुढे 'इन्स्पेक्टर ईगल'च्या तपासकथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या असतील. मराठीत गूढकथेचे मोठे नाव म्हणजे रत्नाकर मतकरी. त्यांच्या लेखनाचा आरंभही रेडिओवरच झाला: १९५५ मध्ये, ते शाळकरी वयातून नुकते बाहेर पडत असताना, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली.

जुनी रेकॉर्डिंगे आता मोबाइलवर मिळतात. ती ऐकून 'छान' किंवा 'जुनाट' एवढेच म्हणू नका. स्वतःला चार प्रश्न विचारा. ही गोष्ट कानासाठीच लिहिली आहे, की रंगभूमीवरची उचलून आणली आहे? पात्र 'अरे, तुझ्या हातात सुरा!' असे म्हणू लागले की समजावे, लेखकाचा आवाजावर विश्वास नाही. खुणा आपल्यापर्यंत प्रामाणिकपणे पोचवल्या आहेत का, त्या चपलेसारख्या? नारळाच्या करवंट्यांनी घोडा धावतो, पातळ चुरचुरीत कागद चुरगाळला की आग लागते; हे आवाज सजावट आहेत की गोष्ट पुढे नेतात? आणि शेवटचा प्रश्न: नाटक गप्प कुठे बसते?

हा चौथा प्रश्न मी दवाखान्यात शिकलो. होमिओपॅथीत रोग्याचे म्हणणे सविस्तर ऐकून घ्यावे लागते. माणूस बोलतो त्याहून अधिक तो अडखळतो तिथे कळते. भयनाट्याचेही तसेच. आजच्या पुष्कळ श्राव्य कथांत संगीत क्षणभरही थांबत नाही. मग श्रोत्याने स्वतःची भीती भरायची तरी कुठे?

मागच्या हिवाळ्यात मी नातीला शेजारी बसवून एक जुनी मराठी श्रुतिका लावली. ती इंग्रजी शाळेत जाते. मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. मध्येच माझा हात घट्ट धरून तिने कुजबुजत विचारले, "आजोबा, दिवाणजी म्हणजे कोण?" कितीदा पुस्तक पुढे केले असते तरी तिने तो शब्द विचारला नसता. भीती वाटत होती म्हणून अर्थ हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आपल्या घरांत मराठी अशीच टिकली आहे, कानाने.

ती सारी नाटके जपली गेलेली नाहीत. काही आता फक्त आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहेत. म्हणून विनंती एवढीच: एका रात्री घरच्यांसह दिवा मालवून एक नाटक ऐका. मग दिवा लावा आणि घरातल्या सर्वांत थोर माणसाला विचारा, त्यांच्या लहानपणी कुठले नाटक ऐकून झोप लागली नव्हती. ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, वहीत उतरवून ठेवा.