कपाटातले आकाशवाणी केंद्र

'ऑनलाइन गेमिंग' हे शब्द कानावर पडले की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. डोळ्यांपुढे येतो तो रमीत पगार घालवून बसलेला कुणाचा तरी भाचा. पैसे लावून खेळायच्या त्या प्रकारावर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, तेव्हा तो विषय आज नको. मला सांगायचे आहे ते वेगळ्याच मंडळींबद्दल. ही माणसे एकाच खेळात वर्षानुवर्षे रमतात. खेळून मन भरत नाही म्हणून आठवड्यातून एकदा त्या खेळाबद्दल तासभर बोलतात, ते बोलणे ध्वनिमुद्रित करतात आणि साऱ्या जगाला फुकट ऐकवतात. त्यांना कुणी सांगितलेले नसते. पगार तर नसतोच, उलट पदरमोड होते. ज्याने उभी नोकरी बँकेत काढली त्याला हा व्यवहार चटकन उलगडत नाही. नावेची बाजू भरलेली आणि जमेची कोरी!

तरी आपल्याला हे अगदीच अनोळखी असू नये. १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथल्या 'बिनाका गीतमाला'त अमीन सायानी बोलत, आणि झुमरीतलैया नावाच्या, बहुतेकांनी नकाशातही न पाहिलेल्या गावाचे नाव फर्माइशी पाठवून पाठवून देशभर झाले. ती पत्रे लिहिणाऱ्यांना काय मिळत होते? आपले नाव हवेतून ऐकू येई, एवढेच. मात्र त्या काळी फर्माइश करणारा झुमरीतलैयात आणि बोलणारा दूर माइकपाशी, असा कायमचा भेद होता. हा भेद पुसला गेला ती गोष्ट आता सांगतो.

२००४ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या ब्लिझार्ड कंपनीने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ आणला. दरमहा वर्गणी भरायची, एक सोंग घ्यायचे आणि हजारो अनोळखी माणसांबरोबर एका कल्पित भूमीत हिंडायचे. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. त्यात खेळाडूंचे 'गिल्ड' असतात. गिल्ड म्हणजे आपले गणेशोत्सव मंडळच समजा: पदाधिकारी आले, रुसवेफुगवे आले, 'मीटिंगला का आला नाहीस' हेही आले. २००७ पासून तर गिल्डला स्वतःची बँक मिळाली. हुद्द्यानुसार रोज किती उचल करायची याची मर्यादा आणि कुणी काय ठेवले, काय काढले याची नोंदवही. हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

योगायोग असा, की त्याच २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'गार्डियन'मध्ये 'पॉडकास्टिंग' हा शब्द वापरला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' यांची ही संधी. तंत्र अगदी साधे. संकेतस्थळावर नव्या मजकुराची वर्दी देणारी जी यादी असते, तिला ध्वनिफीत जोडायची सोय डेव्ह वायनर यांनी आधीच केली होती. अॅडम करी या जुन्या दूरचित्रवाणी निवेदकाने तिचा पाठपुरावा केला. वर्तमानपत्र जसे सकाळी दाराशी पडते, तसा कार्यक्रम आपणहून श्रोत्याच्या यंत्रात येऊन पडू लागला. २००५ च्या जूनमध्ये अॅपलने आपल्या 'आयट्यून्स'मध्ये त्याला जागा दिली आणि परवाना, मनोरा, लहरी यांपैकी काहीही नसताना घरोघरी रेडिओ केंद्रे निघाली.

त्यातलेच एक अमेरिकेच्या यूटा राज्यातले. स्कॉट जॉन्सन हा व्यंगचित्रकार. त्याने २००५ मध्ये एका मित्राला घेऊन 'द इन्स्टन्स' हा वॉरक्राफ्टवरचा कार्यक्रम सुरू केला. कंपनीशी संबंध नाही. दोन चाहते गप्पा मारत आहेत, एवढाच त्याचा आव. पण पुढे जे झाले ते मला कार्यक्रमापेक्षा महत्त्वाचे वाटते. श्रोत्यांनी मिळून खेळात स्वतःचा गिल्ड काढला आणि त्याला सीझरच्या तोंडचे 'आलेआ याक्ता एस्ट', म्हणजे 'फासा पडला', असे नाव दिले. सभासद इतके वाढले की एका गिल्डच्या मर्यादेत मावेनात. जोडीला आणखी गिल्ड काढावे लागले. नुसते ऐकणाऱ्यांचे एक गाव वसले. आमच्या झुमरीतलैयाला हे जमले नव्हते.

आता असे केंद्र काढायचे म्हणजे काय करायचे? पहिले म्हणजे प्रतिध्वनी मारायचा. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून पुष्कळ जण चक्क कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोलतात. साड्या आणि कोट यांच्याइतका स्वस्त आणि चांगला स्टुडिओ नाही. पंखा बंद. दोन-तीन निवेदक तीन गावांत, कधी तीन देशांत असतात. ते इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतात, पण प्रत्येक जण आपला आवाज आपल्याच संगणकावर मुद्रित करतो, कारण तारेवरून आलेला आवाज मध्येच तुटतो. सुरुवातीला सगळ्यांनी एकदम टाळी वाजवायची. नंतर फिती जुळवताना त्या टाळ्यांची टोके एकाखाली एक लावली की संभाषण जुळते. आपल्या आरतीतही टाळीवरच सगळे जुळते म्हणा! मग 'ऑडॅसिटी'सारख्या फुकट प्रणालीत खोकले, 'अं अं' आणि शेजारचा कुत्रा कापायचा. तासाच्या कार्यक्रमामागे बसून तीन-चार तास सहज जातात. सिनेमातले आवडते गाणे मध्ये घालता येत नाही, तिथे हक्कांचा प्रश्न येतो. आणि वार चुकवून चालत नाही. वॉरक्राफ्टमध्ये अमेरिकेतला आठवडा मंगळवारी नव्याने सुरू होतो. बुधवारी जे ताजे, ते पुढच्या सोमवारी शिळे.

माझ्या मते खरी अडचण यंत्राची नाही, दहाव्या भागाची आहे. पहिले तीन भाग उत्साहात निघतात. मग एकाच्या घरी मूल होते, दुसऱ्याची बदली होते, तिसऱ्याला वाटते की सगळे आपणच करतो आहोत. अमक्या तारखेला भेटू असे सांगून कार्यक्रम गप्प होतो तो कायमचा. इंग्रजीत या रोगाला 'पॉडफेड' असे नावच आहे. ज्यांनी हौशी नाट्यसंस्था किंवा गृहनिर्माण सोसायटी चालवली आहे, त्यांना निदान समजावून सांगायला नको. उपाय म्हणून काहींनी श्रोत्यांकडून वर्गणी घेणे सुरू केले. २०१३ मध्ये निघालेल्या 'पेट्रिऑन'मुळे ते सोपे झाले. त्याने खर्च निघतो, पण हौसेचे देणेही होते. पैसे घेतल्यावर 'या आठवड्यात कंटाळा आला' असे म्हणता येत नाही. शिवाय खेळाच्या कंपनीने कौतुकाने आत बोलावले, चार गोष्टी आधी दाखवल्या, की तिच्यावर टीका करताना जीभ अडखळते. चाहत्याने कंपनीपासून हातभर दूर बसावे, या मताचा मी आहे.

हे एवढे बोलतात तरी कशाबद्दल? एक मासला देतो. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडचा खेळ २००३ मध्ये निघाला. कल्पित अंतराळ, त्यात खेळाडूंचीच राज्ये. २०१४ च्या जानेवारीत एका आघाडीचा एका सूर्यमालेवरील ताब्याचा हप्ता भरायचा राहिला. ताबा गेला, शत्रू चालून आला आणि सुमारे २१ तास लढाई चालली. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात होते. 'टायटन' नावाची ७५ अवाढव्य जहाजे बुडाली. खऱ्या पैशात हिशेब केला तर नुकसान ३ लाख डॉलरच्या घरात गेले. थकलेल्या हप्त्यापायी एवढा रणसंग्राम माझ्या सगळ्या नोकरीत झाला नाही. कंपनीने त्या जागी जहाजांचे सांगाडे स्मारक म्हणून कायमचे ठेवले. पण हप्ता का चुकला, मदत कुणी मागितली, माघारीचा हुकूम उशिरा का सुटला, हे सांगाडे सांगत नाहीत. ते सांगणार तिथे असलेली माणसे, आणि त्यांच्यापुढे माइक धरायला बाहेरचा बातमीदार क्वचितच येतो. चाहताच बखरकार होतो.

अशा नोंदींचे मोल नॉर्वेतल्या एका घराला फार वेगळ्या तऱ्हेने कळले. मॅट्स स्टीन या तरुणाला डुशेन हा स्नायू क्षीण करत नेणारा आजार होता. २०१४ च्या नोव्हेंबरात, पंचविसाव्या वर्षी तो गेला. पोराचे आयुष्य खोलीत एकट्याने वॉरक्राफ्ट खेळण्यात संपले, हे आईवडिलांचे दुःख. वडिलांनी त्याच्या निधनाची बातमी त्याच्याच ब्लॉगवर लिहिली आणि युरोपभरातून पत्रे येऊ लागली. 'इबेलिन' या नावाने खेळणाऱ्या त्यांच्या मुलाने कुणाला आईशी बोलते केले होते, कुणाला अंधारात सोबत केली होती. अंत्यविधीला त्याच्या गिल्डमधले मित्र परदेशांतून आले. त्या गिल्डने आपली संभाषणे जपून ठेवली होती. त्या हजारो पानांवरून त्याचे खेळातले आयुष्य पुन्हा उभे करता आले आणि २०२४ मध्ये त्यावर माहितीपट निघाला. तिथे नोंदी लेखी होत्या. पॉडकास्टमध्ये आवाजही राहतो: हसण्याची लकब, मागून आलेली आईची हाक.

राहतो, पण कुठवर? 'सिटी ऑफ हिरोज' हा खेळ २०१२ च्या ३० नोव्हेंबरला कंपनीने बंद केला. आठ वर्षांत वसलेली नगरी एका रात्रीत दिसेनाशी झाली. चाहत्यांनी ती पुढे स्वतःच्या यंत्रांवर उभी केली आणि कंपनीने २०२४ मध्ये त्याला रीतसर परवाना दिला, ही गोष्ट विरळा. पॉडकास्टचे तर त्याहून नाजूक. फिती ज्या भाड्याच्या जागेत ठेवलेल्या असतात, तिचे बिल एकाच निवेदकाच्या कार्डावर असते. कार्डाची मुदत संपते, पत्ता बदलतो, कधी माणूसच जातो. पुन्हा तोच चुकलेला हप्ता, आणि तीनशे भाग मुके.

म्हणून कुणा घरातला मुलगा किंवा मुलगी असे केंद्र काढायला निघाली असेल, तर माइक कोणता घ्यावा हे तिला विचारू द्या तिच्या मित्रांना. तुम्ही तेवढे एक पाहा: भाड्याच्या त्या खात्यावर दुसरे नाव घातले आहे का? आम्ही बँकेत त्याला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणत असू. परवलीचा शब्द दोघांकडे असावा, आणि प्रत्येक भागाची एक प्रत 'इंटरनेट अर्काइव्ह'वर चढवावी. १९९६ पासून ही संस्था असले दप्तर सांभाळते आहे, आणि ठेवणावळ घेत नाही.