ताठर स्नायू आणि गांजातले औषध
‘गांजाने आखडलेले हातपाय सुटतात’, असे आखाडा बाळापुरात कुणी म्हटले तर ते अगदीच निराधार नाही, कारण डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९च्या सुमारास कोलकात्यात धनुर्वाताच्या झटक्यांवर गांजाचा अर्क दिला होता. आजचा पुरावा मात्र मुख्यतः मल्टिपल स्क्लेरोसिसपुरता आहे. गांजाच्या औषधाच्या २००३च्या ब्रिटिश चाचणीत, सुमारे ६३० रुग्णांत, डॉक्टरांनी सांधे वाकवून मोजलेला ताठरपणा फारसा घटला नाही, रुग्णांना मात्र आराम वाटला. नशेमुळे अनेकांनी खरे औषध ओळखले, हा आक्षेप रास्तच. तरी झोपमोड करणारा पेटका रुग्णालाच कळतो, म्हणून त्याचे सांगणे मी मोलाचे मानतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरील २०२०च्या चाचणीत फायदा दिसला नाही. शिवाय गांजापासूनच्या औषधाच्या, तोंडात मारायच्या एका फवाऱ्यात गांजातले घटक मोजून असतात: टीएचसी २.७ आणि सीबीडी २.५ मिलिग्रॅम. चिलमीला असे माप नाही. आणि तिच्या भरवशावर स्नायू सैल करणारी बॅक्लोफेनची गोळी एकाएकी सोडली, तर झटके येऊ शकतात.