सलाईचा नंबर चुकला की स्वेटर चुकला

थंडीच्या मोसमात कापड दुकानाच्या एका कोपऱ्यात लोकर आणि विणायच्या सुया ठेवणारे आपले अनेक दुकानदार बंधू आहेत. आपल्या घरांतून या सुयांना सलाई म्हणतात. माल छोटा, नफाही छोटा. म्हणून त्याची पुरती माहिती करून घेण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. मीही घेतली नव्हती. त्याचा फटका मात्र एका गरीब गिऱ्हाइकाला बसला.

ऑर्डरवर स्वेटर विणून घर चालविणारी एक विधवा बाई माझ्याकडे आली. अमेरिकेत राहणाऱ्या एका कुटुंबाने तिला लोकर आणि नमुन्याचा कागद दिला होता. कागदावर आठ नंबरची सलाई लिहिली होती. मी डब्यातून आठ नंबरची जोडी काढून दिली. तीन आठवड्यांनी ती तयार स्वेटर घेऊन परत आली. तो छातीला चांगलाच तंग झाला होता. "चाचा, नंबर तर तुम्ही तोच दिला होता ना?" एवढेच ती म्हणाली. माझ्याजवळ जवाब नव्हता.

नंतर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे चालणारे नंबर हे जुने विलायती नंबर होत. त्यात नंबर वाढतो तशी सलाई बारीक होते. अमेरिकी नंबर याच्या नेमके उलट. नंबर वाढतो तशी सलाई जाड. आपली ८ नंबरची सलाई ४ मि.मी. जाडीची, तर अमेरिकेची ८ नंबरची ५ मि.मी. जाडीची.

तारेचे काम करणाऱ्या कारागिरांना विलायती नंबर चटकन समजेल. तार भोकांतून जितक्या वेळा खेचावी तितकी ती बारीक होते आणि तिचा गेज नंबर वाढतो. ८ गेजची तार सुमारे ४ मि.मी. भरते. सलाईचे नंबरही बरेचसे याच हिशेबाने आहेत.

दुकानदाराने पुढील मापे पाठच करावीत : १२ नंबर म्हणजे २.७५ मि.मी., १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४ आणि ६ म्हणजे ५ मि.मी. फोर प्लाय लोकरीला साधारणपणे १० नंबर, डबल निटिंगला ८ आणि त्याहून जाड लोकरीला ६ नंबर लागतो. स्वेटरची खालची व मनगटाची बॉर्डर घट्ट बसावी म्हणून ती दोन नंबर बारीक सलाईवर विणतात. म्हणून ८ बरोबर १० ची आणि १० बरोबर १२ ची जोडीही गिऱ्हाइकाला दाखवावी. यात त्याचीही सोय आणि आपलीही विक्री.

एक मि.मी.चा फरक किती महाग पडतो, हे हिशेबाने पाहू. नमुन्यात १० सें.मी.त १८ टाके असतील, तर १०० सें.मी. घेरासाठी १८० टाके घालावे लागतात. बारीक सलाईवर त्याच १० सें.मी.त २० टाके बसले, तर तेच १८० टाके ९० सें.मी.तच संपतात. म्हणून स्वेटर सुरू करण्यापूर्वी हातभर मोठा नव्हे, पण १० सें.मी.हून थोडा मोठा चौकोन विणून टाके मोजावेत. टाके जास्त भरले तर जाड सलाई घ्यावी, कमी भरले तर बारीक. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून हे मोजमाप टाळू नये.

सलाई कशाची आहे, हेही पाहावे. ॲल्युमिनियमची हलकी व गुळगुळीत असते, तिच्यावर हात भरभर चालतो. बारीक नंबरात स्टीलची वाकत नाही. बांबूची सलाई टाके धरून ठेवते, म्हणून नवशिक्यांना आणि निसटत्या धाग्याला ती चांगली. जाड नंबरात प्लास्टिक हलके पडते. एका टोकाला गोंडी असलेली जोडी सपाट विणीसाठी, दोन्ही टोकांना अणी असलेल्या चार किंवा पाच सलायांचा संच मोज्यांसाठी, आणि मध्ये लवचीक दोरी असलेली गोल सलाई बिनशिवणीच्या अंगासाठी.

माल घेताना सलाई काचेवर घरंगळवून पाहावी. वाकडी असेल तर लगेच कळते. टोक तलम कापडावर फिरवावे. धागा अडकला तर ती बाजूला ठेवावी. गोल सलाईत दोरीचा सांधा बोटाने तपासावा, कारण टाके तेथेच अडतात.

त्या बाईला मी ५ मि.मी.ची जोडी दिली आणि वाया गेलेल्या तीन आठवड्यांची मजुरीही दिली. उसवलेल्या लोकरीच्या लडी करून तिने त्या धुतल्या, धाग्याच्या वळ्या गेल्या आणि स्वेटर पुन्हा विणला. तेव्हापासून माझ्या गल्ल्यावर सलाईची जाडी मोजायची भोकांची पट्टी असते, आणि प्रत्येक जोडीच्या चिठ्ठीवर नंबरासोबत मि.मी.ही लिहिलेले असते. नमुना कोणत्या मुलखाचा, हे मी आधी विचारतो. सलाई विकून आपल्याला मिळतात चार पैसे, पण तिच्यावर दुसऱ्याची कित्येक दिवसांची मेहनत चढते. कापड मीटरने मोजून देणाऱ्याने सलाईही मोजूनच द्यावी.