कव्हरवरची 'ती' आपल्याकडेच का बघते?

दादर स्टेशनबाहेरचा मासिकांचा स्टॉल असो की मोबाइलवरचं इन्स्टा, फॅशन मॅगझिनच्या कव्हरला आपल्याकडून मिळतात जेमतेम काही सेकंद. त्यात पालघर-बोईसरहून लोकलने अप-डाउन करणाऱ्या पब्लिकला थांबायला वेळ कुठे? म्हणूनच कव्हरवरची प्रत्येक गोष्ट ठरवून केलेली असते.

मॉडेल बहुतेक वेळा थेट कॅमेऱ्यात बघते. कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटलं की आपली मान आपोआप वळते, त्याचाच हा फायदा. मासिकाचं नाव सगळ्यात वर, कारण रॅकमध्ये खालचा भाग झाकला जातो. अंक एकावर एक सरकवून मांडले तर फक्त डावी कड दिसते, म्हणून खास मथळे अनेकदा डावीकडे. कधी मॉडेलचं डोकं नावातली दोन-तीन अक्षरं झाकतं. एवढी रिस्क फक्त ओळखीचं मासिकच घेऊ शकतं!

हे सगळं परदेशातून आलं असं वाटत असेल, तर आजीला दिवाळी अंकांबद्दल विचारा. गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांनी रंगवलेल्या स्त्रिया, त्यांची साडी, केशरचना, दागिने बघून अंक हातात घ्यावासा वाटायचा. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने वेगळीच युक्ती काढली: खिडकी-चित्रं. कापलेल्या खिडकीतून एक दिसायचं, पान उलटलं की भलतंच! उत्सुकता वाढवून पान उलटायला लावणं, आजची कव्हरंही हेच तर करतात.

'फेमिना' १९५९ मध्ये आलं, 'व्होग'ची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये. ब्रश मागे पडला, फोटो आणि सेलिब्रिटी पुढे आले. पण कव्हर फक्त अंक विकत नाही. सुंदर कुणाला म्हणायचं, हेही ते हळूच सांगतं. वर्षानुवर्षं एकाच साच्यातले गोरे, सडपातळ चेहरे बघितले की आरशात आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटू लागतं.

साचा मोडताही येतो. एप्रिल २०२३ च्या 'व्होग फिलिपिन्स'च्या कव्हरवर होत्या आपो वांग-ओद, १०६ वर्षांच्या आदिवासी टॅटू कलाकार. सुरकुत्या, अंगावरचं गोंदण, काहीही न लपवता. ते कव्हर जगभर शेअर झालं.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. डहाणू, तलासरी, विक्रमगडच्या पाड्यांवर गोंदण असलेल्या आज्या आहेत. लग्नघरात वारली चौक लिहिण्याची परंपरा बायकांचीच. आज तीच वारली नक्षी कुर्तीवर, दुपट्ट्यावर, टोटबॅगवर मिरवते. नक्षी फॅशनमध्ये आली, पण ती काढणारीचा चेहरा फॅशन मॅगझिनच्या कव्हरवर कितीदा बघितलाय? आठवून बघा.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादं कव्हर आवडलं, की लाइक करण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझी नजर आधी कुठे गेली? तिथे मला काय विकलं जातंय? आणि या फ्रेममधून कोण बाहेर राहिलंय? कॉलेजच्या वार्षिक अंकाचं कव्हर तुमच्या हातात असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊ शकता.