घोड-भीमेच्या काठावरून : मराठी भयकथेचा मागोवा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस घोड नदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड ही दोन तालुक्यांची ठाणी वसलेली आहेत. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. परंतु मराठी भयकथा ज्या वाचकाच्या बळावर जगली, तो वाचक अशाच गावांतून राहत होता, आणि म्हणून तिच्या वाटचालीचा मागोवा घेताना पुण्या-मुंबईच्या संपादकीय कचेऱ्यांऐवजी या नदीकाठावरून आरंभ करणे मला अधिक न्याय्य वाटते.

शिरूर ही एके काळी इंग्रजी फौजेची छावणी. १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या हाताखाली मराठ्यांविरुद्ध लढलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली येथेच मृत्यू पावला. ज्याच्याविषयी या भूमीने वैर धरले असते तर ते सर्वथा स्वाभाविक ठरले असते, त्या परकीय सेनानीला लोक सत्पुरुष मानू लागले आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याशी आणू लागले, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात आहे. मृताचा मान राखावा, वेशीवरच्या देवतेला तिचा वाटा द्यावा, तिन्हीसांजेला ओढ्याकडे जाऊ नये, मुंजाच्या पिंपळाखालून निमूट निघून जावे, असे जे दंडक गावोगाव पाळले गेले, त्यांत भय हे मर्यादेच्या रक्षणासाठी नेमलेल्या पहारेकऱ्याचे काम करीत होते. मराठी भयकथेच्या उत्तम लेखकांनी आणि संपादकांनी हाच वारसा छापील अक्षरांत आणला, हे या लेखातून मला सांगावयाचे आहे.

हा वारसा छापून निघण्यासाठी मासिकांची व्यवस्था उभी राहणे अवश्य होते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून एक परंपरा सुरू केली. पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी, शिष्ट समीक्षकांनी कितीही नाके मुरडली तरी, सामान्य माणसाच्या हाती पुस्तक दिले. दौंड हे १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यापासून जंक्शन. गाडीची वाट पाहणारा उतारू आणि फलाटावरचा पुस्तकांचा गाडा यांचा संबंध अशा स्थानकांवर आपोआपच जुळतो. शिरूरला रेल्वे नाही; पण १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्यास निघाली ती शिरूरच्याच रस्त्याने, आणि शहरात छापलेला मजकूर तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्या गाडीने अधिक सुकर केला.

या वाचकाचे मोल ज्यांनी यथार्थ जाणले, त्या संपादकांत अनंत अंतरकर यांचे स्थान अग्रगण्य होय. १९४६ साली त्यांनी ‘हंस’ सुरू केले आणि पुढे ‘मोहिनी’ व ‘नवल’ यांची जोड त्याला दिली. कथेच्या गुणवत्तेसाठी ‘हंस’, विनोदासाठी ‘मोहिनी’, आणि अद्भुत, साहस, रहस्य, विज्ञान व भय यांसाठी ‘नवल’, अशी ही विभागणी होती. वरवर पाहता ती व्यवहाराची तजवीज वाटेल. तथापि तिच्यामागे एक वाङ्मयीन निष्ठा होती. भयकथा ही उरलेली पाने भरून काढण्याची वस्तू नसून तिला स्वतंत्र घर, स्वतंत्र शिस्त आणि स्वतंत्र वाचक असतो, हे मान्य करून तिच्यासाठी एक संपूर्ण मासिक चालविणे, आणि तेही कोणत्याही बड्या वृत्तसंस्थेचा आश्रय नसताना चालविणे, हे कार्य लहान नव्हे. १९६६ मध्ये अनंतरावांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी ही तिन्ही नियतकालिके पुढे नेली आणि २०२१ साली त्यांचे निधन होईपर्यंत अंतरकर हे नाव मराठी संपादनाशी निगडित राहिले. दोन पिढ्यांनी मिळून सांभाळलेली ही चिकाटी कोणत्याही सरकारी अनुदानाहून अधिक फलदायी ठरली, असे मी मानतो. शंकरराव कुलकर्णी यांच्या ‘धनंजय’नेही रहस्य आणि भय यांच्या प्रेमिकांची दिवाळी वर्षानुवर्षे साजरी केली, याचीही येथे कृतज्ञतेने नोंद केली पाहिजे.

लेखकांमध्ये या प्रांताचा निर्विवाद धनी म्हणजे नारायण धारप. १९२५ साली जन्मलेल्या आणि २००८ साली पुण्यात निवर्तलेल्या या लेखकाने शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली. ग्रंथसंख्येचा विक्रम इतरांनीही केला आहे. धारपांचे वैशिष्ट्य त्यांच्या भयाच्या रचनेत आहे. त्यांच्या कथेतील माणूस बहुधा नोकरीपेशाचा, हिशेबी, विवेकी असतो. त्याला वारशाने एखादा वाडा मिळतो, तो एखादी बंद खोली उघडतो, एखादा जुना दस्तऐवज चाळतो, आणि मग ज्ञात जगाची भिंत एका ठिकाणी पातळ आहे हे त्याच्या हळूहळू, अत्यंत साध्या तपशिलांतून लक्षात येते. किंकाळ्या आणि रक्त यांचा धारपांना फारसा सोस नाही. वाक्य शांत राहते आणि वाचक अस्वस्थ होतो. शिवाय त्यांच्या सृष्टीला नीतीचे अधिष्ठान आहे. आप्पा जोशींच्या तोंडून आपल्यासमोर येणारे ‘समर्थ’ हे दुष्ट शक्तीशी झुंजतात ते अंतःकरणाच्या शुद्धतेच्या बळावर. आणि ती शक्ती घरात शिरते ती प्रायः माणसाचा लोभ, सूड किंवा बेपर्वाई यांनी उघडलेल्या दारातून. शिरूरच्या शेतकऱ्याने सुगीचे पहिले धान्य थडग्याशी ठेवण्यामागे जी मर्यादेची जाणीव होती, तीच येथे प्रौढ वाङ्मयीन रूप धारण करते.

धारपांच्या काही कृती परकीय आधारावर उभ्या आहेत. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्यांमागे अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्या आहेत, हे आता सर्वश्रुत आहे. या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत असे माझे मत आहे. मूळ लेखकाचे ऋण पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरांत मान्य होणे हा वाङ्मयीन सचोटीचा भाग आहे आणि त्यात सवलत असू नये. त्याचबरोबर, अमेरिकेतील गावाचे भय मराठी गावात आणताना तेथील नातीगोती, घरांची मांडणी, श्रद्धा आणि बोली यांची जी पुनर्रचना करावी लागते, ती केवळ भाषांतराने साध्य होत नाही. तिला निर्मितीचीच प्रतिभा लागते, आणि ती धारपांपाशी विपुल होती. याचा पुरावा २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या चित्रपटाने दिला. किंग यांच्या कथेवरून धारपांनी ‘आजी’ ही कथा लिहिली, आणि त्या कथेचा अंश राही अनिल बर्वे यांच्या हातून पडद्यावर आला तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकाला तो अस्सल मराठी मातीतला वाटला.

रत्नाकर मतकरी यांनी याच काळात निराळी वाट धरली. बँकेची नोकरी, बालरंगभूमी आणि नाटक यांबरोबर त्यांनी गूढकथेची उपासना केली, आणि भुतापेक्षा मनुष्याच्या मनातील अंधाराकडे अधिक एकाग्रतेने पाहिले. मे २०२० मध्ये ते गेले, आणि या दालनातील एक संपूर्ण पिढी जणू समाप्त झाली.

या पिढीस वाचकांनी भरभरून प्रेम दिले, समीक्षेने मात्र तिला बहुतांशी दाराबाहेरच उभे ठेवले. भय हा आपल्या काव्यशास्त्राने मानलेल्या स्थायिभावांपैकी एक असताना भयकथेला दुय्यम लेखावे, हा विचाराचा आळस आहे. साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके पुन्हा उपलब्ध करून दिली, ही समाधानाची गोष्ट. परंतु मासिकांतील मजकूर अद्याप विखुरलेला आहे, आणि मासिकाचा कागद ग्रंथाच्या कागदाइतका दीर्घायुषी नसतो. म्हणून शिरूर, दौंड आणि तत्सम गावांतील वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, घरातील जुन्या ट्रंकांत ‘नवल’चे किंवा ‘धनंजय’चे अंक असतील तर ते रद्दीत घालू नयेत, जवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दप्तरी रीतसर नोंदवून ते सुपूर्द करावेत, आणि वाचनालयांच्या चालकांनी त्यांची सूची तयार करून ती अभ्यासकांसाठी खुली ठेवावी.